टाकी भरली की गप्प होणारा डबा

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या आत्याचं घर आहे. नळाला सकाळी तासभर पाणी येतं, ते अंगणातल्या हौदात पडतं आणि तिथून एक एचपीची मोटार ते गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत चढवते. मोटार वेळेवर लावणं आणि टाकी वाहायला लागायच्या आत बंद करणं ही जबाबदारी वर्षानुवर्षं आत्याकडे होती. तिची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०२० साली शाळा बंद असताना ती घरबसल्या आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, वापरायला शिकली. आधी एलईडी लुकलुकवल्या, मग मुलांना दाखवायला काळ्या रेषेवरून चालणारी छोटी गाडी केली, आणि मग आईच्या डोक्यावरचं हे काम उतरवायला घेतलं. पाण्याची पातळी मोजून मोटार आपोआप चालू-बंद करणारा एक डबा तिने तयार केला.

डबा चालला, पण पुढे तो अधूनमधून गप्प होऊ लागला. आतला बोर्ड उत्तर देत नसे, फोनवर निरोप येत नसे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हौद भरलेला असूनही मोटार लागत नसे. प्लग काढून परत लावला की सगळं सुरळीत. तिने कितीतरी रात्री प्रोग्रॅम पुन्हापुन्हा लिहून काढला. दोष प्रोग्रॅममध्ये नव्हता. तो कसा सापडला आणि मग काय बदललं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. माझा रोजचा संबंध मोटारींच्या पॅनेलशी येतो, आणि हौशी लोकांचे प्रकल्प नेमके याच वळणावर अडकताना मी पाहिले आहेत. ब्रेडबोर्डवर (तारा नुसत्या खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर) महिनोन्महिने बिनतक्रार चाललेलं सर्किट २३० व्होल्टच्या मोटारीशेजारी ठेवलं की वेगळंच वागू लागतं, आणि हे शिकाऊ धड्यांमध्ये सहसा कोणी सांगत नाही.

डब्यात काय होतं

मेंदू म्हणून नोडएमसीयू बोर्ड, म्हणजे ईएसपी८२६६ ही चिप. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही वायफायवाली चिप २०१४ च्या सुमारास हौशी मंडळींच्या हाती लागली आणि घरगुती प्रकल्पांचं गणितच बदललं. त्याआधी आर्डुइनोला वायफाय जोडायचं तर बोर्डापेक्षा वायफायचा भागच महाग पडायचा. चिप चालते ३.३ व्होल्टवर. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

पातळी मोजायला आधी एचसी-एसआर०४ हा स्वस्त अल्ट्रासॉनिक सेन्सर होता. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो. त्याला ५८ ने भागलं की सेंटिमीटर मिळतात. टाकीच्या झाकणाखाली कायम ओल असते, त्यामुळे त्याच्या उघड्या जाळ्या लवकरच गंजल्या. मग तिने जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक प्रकार आणला. त्याला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून झाकणाला भोक पाडून पीव्हीसी पाइपच्या एका तुकड्यावर तो उंच बसवला. हे तिने स्वतःच्या डोक्याने केलं आणि उत्तम केलं. सेन्सरचं उत्तर आणणारी 'इको'ची तार ५ व्होल्टची असते, ती थेट बोर्डाला न देता दोन रेझिस्टर लावून ३.३ वर आणली होती, तेही बरोबर. उन्हाळ्यात हवा तापली की आवाज वेगाने जातो, २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर तर ४० अंशांना ३५५. मीटरभर अंतरात त्यामुळे तीन-साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो. टाकीसाठी तेवढ्याने काही बिघडत नाही, तरी तिने तोही हिशोबात घेतला होता.

सेन्सरचं छोटं सर्किट टाकीजवळ, डबा जिन्याच्या भिंतीवर मोटारीच्या स्विचशेजारी, आणि मधे नेटवर्कची केबल. ही केबल भिंतीवरच्या त्याच प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून खाली आणली होती जिच्यातून विजेच्या तारा जात होत्या. दिसायला नीटनेटकं काम. ही गोष्टही लक्षात ठेवा.

मोटार सुरुवातीला थेट रिलेवर, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर उघडझाप करणाऱ्या लहान स्विचवर होती. रिलेवर '१० अँपिअर, २५० व्होल्ट' असं छापलेलं असतं आणि एक एचपीची मोटार चालू असताना सहा-सात अँपिअर घेते, म्हणजे कागदावर जमतं. पण तो १० चा आकडा बल्ब-हीटरसारख्या भारासाठी असतो. मोटार सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, आणि रिलेची एवढीशी टोकं त्या झटक्यात वितळून एकमेकांना चिकटतात. तसंच झालं. बोर्डाने मोटार बंद केली, रिले आतून चिकटलेलीच, आणि टाकी गच्चीवरून वाहत राहिली. गावातल्या वायरमनने मग मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीचा भार पेलणारी मोठी रिले, बसवून दिला: बोर्ड रिले चालवणार, रिले कॉन्टॅक्टरची कॉइल (चुंबक होऊन स्विच ओढणारं तारेचं वेटोळं) चालवणार, आणि कॉन्टॅक्टर मोटार चालवणार. हा उपाय शंभर टक्के योग्य आहे. एचपीची मोटार लहान रिलेवर कोणीही ठेवू नये.

डबा गप्प व्हायला लागला तो यानंतर. पण ते त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच सुमारास बहिणीने प्रोग्रॅममध्येही एक भर घातली होती. टाकी भरली की तिच्या फोनवर टेलिग्रामचा निरोप जायचा.

संशय कोणावर

तिचा तर्क असा होता: टाकी भरल्यावर प्रोग्रॅम आधी रिले बंद करतो, मग निरोप पाठवतो. ज्या दिवशी डबा बंद पडतो त्या दिवशी निरोप येत नाही. म्हणजे निरोप पाठवताना प्रोग्रॅम अडकतो. तर्कात वावगं काही नाही. वायफाय कच्चं असेल, उत्तर यायला वेळ लागला असेल, मेमरी अपुरी पडली असेल. ईएसपी८२६६ वर सुरक्षित जोडणी करताना मेमरीची ओढाताण होते हेही खरं. तिने निरोपाचा भाग वेगवेगळ्या लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचे संच) वापरून लिहून पाहिला, वाट पाहायची मुदत घातली, मेमरी किती शिल्लक आहे ते छापून पाहिलं. फरक पडला नाही. उलट कधी आठवडाभर सगळं नीट चालायचं आणि आता जमलं असं वाटेपर्यंत पुन्हा तेच व्हायचं.

लॅपटॉप जोडून बसलं की मात्र डबा कधीच बंद पडत नसे. "दादा, मी समोर असले की तो शहाण्यासारखा वागतो," असं ती मला फोनवर म्हणाली, तेव्हा मला पहिल्यांदा प्रोग्रॅमबद्दलचा संशय कमी झाल्यासारखं वाटलं. लॅपटॉप जोडला की नेमकं काय बदलतं? प्रोग्रॅम तोच राहतो. बदलतो तो वीजपुरवठा. एरवी बोर्ड एका जुन्या मोबाइल चार्जरवर चालायचा, लॅपटॉप जोडल्यावर यूएसबीवर.

पुढचा धागा आत्याने दिला. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर ती दुधाचा हिशोब लिहिते, त्याच चौकटीत तिने डबा बंद पडला त्या दिवशी फुली मारून ठेवली होती, आणि फुलीशेजारी वेळही. तिला कोणी सांगितलं नव्हतं; रोज ज्याच्यावर अवलंबून राहायचं त्याची नोंद ठेवायची हा तिचा स्वभाव. मी विचारलं, "आत्या, मोटार चालू होताना कधी बंद पडलाय का हा?" ती म्हणाली, "नाही रे, चालू व्हायला काहीच नाही. बंद व्हायलाच त्याला होतं काय ते." फुल्यांच्या वेळा पाहिल्या तर खरोखर सगळ्या मोटार थांबायच्या वेळेच्या. मोटार सुरू होताना तर सगळ्यात मोठा करंट वाहतो, विजेचा दाब खाली बसतो, तेव्हा काही होत नाही. आणि सगळं शांत व्हायच्या क्षणाला बोर्ड कोसळतो. पॅनेलचं काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे कॉइल.

कॉइल सोडताना काय होतं

नळ चटकन बंद केला की पाइपात पाण्याचा दणका बसतो, तसंच कॉइलमधल्या करंटचं असतं. तो एकदम तोडला तर थांबायला तयार नसतो. कॉइलच्या टोकांशी दाब शेकडो व्होल्ट, कधी हजारावर चढतो आणि रिलेच्या उघडणाऱ्या टोकांमध्ये ठिणगी पडते. ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्रच. तिच्यातून निघालेला गोंगाट आजूबाजूच्या प्रत्येक लांब तारेत उतरतो. आपल्या घरात ती लांब तार म्हणजे सेन्सरची नेटवर्क केबल, तीही कॉइलच्या तारेला चिकटून एकाच पट्टीतून गेलेली.

हे रोज का होत नसे, याचंही उत्तर इथेच आहे. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा करंट शून्यावरून जातो. रिले नेमकी शून्याच्या आसपास उघडली तर ठिणगी जवळपास पडतच नाही; शिखराच्या जवळ उघडली तर जोरात पडते. बोर्डाला विजेच्या या लाटेचा पत्ता नसतो, त्यामुळे रोज सोडत निघते. एखादा आठवडा नशिबाने बरा जातो, आणि नेमका त्याच आठवड्यात प्रोग्रॅममध्ये काही बदल केलेला असेल तर त्या बदलाला श्रेय मिळतं. बहिणीचे कितीतरी दिवस याच फसव्या श्रेयाने खाल्ले. अनियमित बिघाड शोधताना 'आता बंद पडत नाही' या वाक्यावर मी फार कमी विश्वास ठेवतो.

संशय पक्का करणं

अंदाज कितीही पटला तरी पुरावा हवा. मी गेलो तेव्हा आधी सर्वात सोपी अदलाबदल केली. प्रोग्रॅममधला क्रम उलटा केला: आधी निरोप पाठवायचा, मग रिले सोडायची. निरोपामुळे अडकत असेल तर निरोपही येणार नाही आणि मोटारही थांबणार नाही. झालं ते असं की निरोप आला, मोटार थांबली आणि मग डबा गप्प झाला. निरोपाचा प्रोग्रॅम इथेच सुटला.

नंतर रिलेपासून कॉन्टॅक्टरच्या कॉइलची तार सोडवली आणि रिले नुसतीच टिकटिकत ठेवली, दर काही सेकंदांनी चालू-बंद. डबा ठणठणीत. कॉइलच्या जागी जुना पिवळा बल्ब लावला. बल्ब उघडझाप करत राहिला, डबा ठणठणीत. कॉइल परत जोडली, आणि काही मिनिटांतच डबा गप्प. बल्ब आणि कॉइल दोन्ही २३० व्होल्टवरच चालत होते, करंट बल्बचाच जास्त होता. फरक एवढाच की कॉइलला करंट धरून ठेवायची सवय असते, बल्बला नसते.

आतोबांचा एक जुना ट्रान्झिस्टर आहे, सकाळच्या बातम्यांसाठी ते तो अजून वापरतात. तो मी मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावला आणि डब्याशेजारी ठेवला. रिले चालू होताना हलकी टिक. बंद होताना कधी टिक, कधी कानठळ्या बसतील असा करकरीत तडाखा. ज्या वेळी तडाखा मोठा, त्याच वेळी डबा गप्प व्हायचा. ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसलेल्या घरात ठिणगीचा गोंगाट ऐकायचा हा जुना आणि अजूनही उत्तम मार्ग आहे. आतोबा स्वतः खुर्ची घेऊन बसले आणि प्रत्येक तडाख्याला बोट वर करू लागले.

उरला प्रश्न असा की बोर्ड गोंधळला तर त्याने स्वतःहून पुन्हा सुरू व्हायला हवं. या चिपमध्ये वॉचडॉग असतो, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की काही सेकंदांत चिपला नव्याने सुरू करणारी आतली घड्याळवजा सोय. मग डबा तासन्‌तास मेलेला का राहायचा? यासाठी लॅपटॉप जोडणं भाग होतं, पण लॅपटॉपने पुरवठा बदलला की बिघाड पळतो. म्हणून बोर्डाचे संदेश लॅपटॉपपर्यंत नेणारा यूएसबी-सीरियलचा सुटा अडॅप्टर घेतला, त्यातून फक्त ग्राउंड (शून्य व्होल्टची) आणि टीएक्स (संदेशांची) या दोनच तारा बोर्डाला लावल्या, बोर्ड त्याच्या नेहमीच्या चार्जरवरच ठेवला आणि लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला.

बहिणीने पूर्वीही कधी कधी पडद्यावर सुरुवातीला एक ओळ कचरा अक्षरं येताना पाहिली होती आणि सोडून दिली होती. सगळेच सोडून देतात. तो कचरा नसतो. चिप सुरू होताना तिच्या आतली रॉम, म्हणजे कारखान्यातच भरलेला कायमचा प्रोग्रॅम, स्वतःचा एक संदेश पाठवते, पण वेगळ्या गतीने. रॉम धरून चालते की घड्याळाचा स्फटिक ४० मेगाहर्ट्झचा आहे, आणि बोर्डावर असतो २६ चा; त्यामुळे सेकंदाला ११५२०० बिटांची गती प्रत्यक्षात ७४८८० होते. सीरियल मॉनिटर (लॅपटॉपवर हे संदेश दाखवणारी खिडकी) ७४८८० वर ठेवला की ओळ स्वच्छ वाचता येते. आम्ही ठेवला. डबा गप्प झाला तेव्हा पडद्यावर आलं: रिसेटचं कारण २, बूट मोड १.

कारण २ म्हणजे बाहेरून, रिसेटच्या पायावरून (चिपच्या जोडणीच्या टोकांना पाय म्हणतात) झालेला रिसेट. प्रोग्रॅम स्वतः कोसळला असता तर वेगळी नोंद आली असती. त्या पायाला कोणी हात लावला नव्हता, गोंगाटानेच तो क्षणभर खाली ओढला. आणि बूट मोड १ म्हणजे 'नवा प्रोग्रॅम भरायची वाट पाहतो आहे'. नेहमीचा मोड ३ असतो. सुरू होताना ही चिप आपले तीन पाय तपासते: जीपीआयओ (हे पायांचं नाव) ० आणि २ यांचा दाब वर हवा, १५ चा खाली हवा. ० खाली सापडला तर ती समजते की मालकाला नवीन प्रोग्रॅम भरायचा आहे, आणि तशीच बसून राहते. त्या अवस्थेत आपला प्रोग्रॅम सुरूच झालेला नसतो, म्हणून त्यातला वॉचडॉगही मदतीला येत नाही. आता रिले कोणत्या पायावर होती? बोर्डावर डी३ लिहिलेल्या, म्हणजे नेमक्या जीपीआयओ ० वर. रिलेकडे जाणारी तार गोंगाट उचलत होती आणि तोच गोंगाट चिपला दोनदा फसवत होता, एकदा रिसेट करून आणि एकदा चुकीच्या दाराने आत नेऊन.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी नोंद ही एक ओळ आहे. ती बोर्ड दरवेळी न मागता छापत होता.

दुरुस्ती

बहिणीने वाचलं होतं की कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावायचा असतो, आणि १एन४००७ हा डायोड आणूनही ठेवला होता. डीसी कॉइलला ते बरोबर आहे. ही कॉइल २३० व्होल्ट एसीची. एसीवर डायोड लावला तर प्रत्येक लाटेच्या एका अर्ध्या भागात तो सरळ शॉर्ट होतो. फ्यूज उडेल किंवा डायोड फुटेल. हा भेद माहीत नसल्याने होणारे अपघात टाळण्याजोगे आहेत, म्हणून ठळकपणे सांगतो: एसी कॉइलवर डायोड लावायचा नाही.

एसीसाठी स्नबर, म्हणजे कॉइलचा उसळलेला दाब शोषून घेणारी जोडी, लागतो. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक, आणि ही जोडी कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर, ए१ आणि ए२ वर. कपॅसिटर एक्स२ प्रकारचाच हवा, २७५ व्होल्ट एसी लिहिलेला. साधा सिरॅमिक कपॅसिटर मेन्सवर (घरच्या २३० व्होल्टवर) लावला तर एक दिवस आग लागू शकते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे दोन्ही भाग काही रुपयांत मिळतात, फक्त 'एक्स२' हे अक्षर स्वतः वाचून घ्यावं. बरेच जण स्नबर रिलेच्या टोकांवर लावतात. तिथे लावला तर रिले उघडी असतानाही त्यातून सुमारे ७ मिलिअँपिअर करंट झिरपत राहतो, आणि लहान कॉइल तेवढ्यावरही गुणगुणत राहू शकते. गोंगाट जिथे जन्मतो तिथेच, कॉइलवर लावलेला बरा.

स्नबर लावून ट्रान्झिस्टर पुन्हा शेजारी ठेवला. तडाख्याच्या जागी फक्त टिक ऐकू आली. आतोबांचं बोट एकदाही वर गेलं नाही.

तेवढ्यावर थांबलो नाही. रिले डी३ वरून डी१ वर, म्हणजे जीपीआयओ ५ वर नेली. सुरू होताना हा पाय कोणी तपासत नाही. सेन्सरची केबल विजेच्या पट्टीतून काढून जिन्याच्या दुसऱ्या कडेने नेली. चार्जर बदलला. यातल्या एकेका बदलाने किती फरक पडला हे वेगळं मोजलेलं नाही, पण स्नबरने उगम मिटवला आणि डी१ ने मेलेलं राहणं मिटवलं, एवढं बोर्डाच्या नोंदींवरून स्पष्ट दिसतं.

प्रोग्रॅम मेला तर?

खरं बोलायचं तर मला इथपर्यंतच्या दुरुस्तीपेक्षा पुढची जास्त महत्त्वाची वाटते. हा बिघाड नशिबाने चांगल्या बाजूला होता, कारण बोर्ड मोटार बंद झाल्यावर मरायचा. मोटार चालू असताना एखाद्या क्षणी चिप जागच्या जागी गोठली तर? रिले धरलेलीच राहील. टाकी वाहील, हौद रिकामा होईल आणि मग मोटार कोरडी चालून जळेल. घरात त्या वेळी फक्त दोन वयस्कर माणसं असतील.

यावरचा उपाय त्या रिले मॉड्यूलमध्येच दडलेला होता. दोन रिलेच्या या मॉड्यूलवर 'ऑप्टो आयसोलेटेड' म्हणून जाहिरात असते, म्हणजे बोर्ड आणि रिले यांच्यात फक्त प्रकाशाचा संबंध. पण मॉड्यूल मिळतं तेव्हा त्यावर जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी यांना जोडणारा एक पिटुकला जंपर (दोन टोकं जोडणारी टोपी) लावलेला असतो. तो असेपर्यंत दोन्हीकडचा पुरवठा एकच असतो आणि ऑप्टोला काही अर्थ उरत नाही. आम्ही जंपर काढला. बोर्डाच्या बाजूला ३.३ व्होल्ट दिले (आमच्या मॉड्यूलचा ऑप्टो तेवढ्यावर नीट चालतो हे आधी तपासून, सगळ्यांचा चालतोच असं नाही), आणि रिलेच्या कॉइलला वेगळ्या चार्जरमधून ५ व्होल्ट.

आणि ही ५ व्होल्टची तार दोन फ्लोट स्विचमधून, म्हणजे पाण्यावर तरंगून चालणाऱ्या स्विचमधून नेली. एक वरच्या टाकीत, पाणी काठाशी आलं की उघडणारा, म्हणजे वीज तोडणारा. दुसरा हौदात, पाणी तळाला गेलं की उघडणारा. रिलेची कॉइल जेमतेम ७०-७५ मिलिअँपिअर घेते, एवढं साधा फ्लोट सहज पेलतो. आता बोर्ड काहीही म्हणो, प्रोग्रॅम गोठो, सेन्सर खोटं बोलो. टाकी काठोकाठ भरली की रिलेला वीजच मिळत नाही. पाण्यात गेलेल्या तारेत ५ व्होल्टच आहेत, त्यामुळे तिची धास्ती नाही. बाजारात २३० व्होल्ट थेट टाकीतल्या फ्लोटमधून नेणारे जोडणीचे नकाशे भरपूर मिळतात. ज्या टाकीचं पाणी आपण पितो तिच्यात मी ते करणार नाही.

त्याखेरीज डब्याशेजारी तीन स्थितींचा एक फिरता स्विच बसवला: ऑटो, बंद, हाताने. 'हाताने' वर ठेवला की डबा पूर्ण वगळला जातो आणि मोटार पूर्वीसारखी थेट चालते. बहिणीला सुरुवातीला हे आवडलं नाही. "म्हणजे माझ्या डब्यावर विश्वास नाही का?" असं तिने विचारलं. मी तिला एवढंच म्हणालो की डबा दुरुस्तीला तुझ्या टेबलावर असेल त्या दिवशीही आत्याला पाणी लागणार आहे. तो स्विच आता घरात सगळ्यात जास्त कौतुकाचा आहे, विशेषतः आत्याच्या. २३० व्होल्टच्या बाजूची सगळी जोडणी गावातल्या त्याच वायरमनकडून करून घेतली, अर्थिंग तपासून, कॉन्टॅक्टरला झाकण असलेल्या वेगळ्या पेटीत हलवून.

प्रोग्रॅममध्ये शेवटी बदल झाले ते थोडे आणि साधे. सेन्सरची पाच मोजमापं घेऊन मधलं धरायचं, म्हणजे एखादी लाट किंवा भटका प्रतिध्वनी फसवत नाही. प्रतिध्वनी आलाच नाही तर लायब्ररी शून्य देते, आणि जुना प्रोग्रॅम त्या शून्याचा अर्थ 'पाणी सेन्सरला टेकलं, टाकी भरली' असा लावायचा. आता शून्य म्हणजे बिघाड, आणि तसा निरोप जातो. मोटार सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही. वीज जाऊन आली तर दोन मिनिटं थांबून मगच मोटार लागते. आणि बोर्ड प्रत्येक वेळी सुरू होताना रिसेटचं कारण फोनवर पाठवतो.

त्यानंतर डबा मोटारीमुळे बंद पडलेला नाही. रिसेटच्या कारणांमध्ये आता फक्त 'पॉवर ऑन' येतं, तेही वीज गेल्यावर. एक प्रश्न अजून सुटलेला नाही: पावसाळ्यात झाकणाखाली सेन्सरच्या तोंडावर थेंब धरतात आणि मोजमाप काही वेळ अडखळतं. मोटार त्या वेळी फ्लोटवर थांबते, पण फोनवर पातळी चुकीची दिसते. बहीण त्या जागी हवेचा दाब मोजणारा सेन्सर लावून पाहते आहे. टाकीच्या तळापर्यंत एक बारीक नळी सोडायची, तिचं वरचं तोंड सेन्सरला जोडायचं आणि नळीत अडकलेल्या हवेच्या दाबावरून पाण्याची उंची काढायची. पाण्याच्या दर मीटरला दाब सुमारे ९.८ किलोपास्कलने वाढतो. नळीतली हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि मोजमाप सरकत जातं, ही त्यातली मुख्य अडचण आहे. टाकी रिकामी होऊन नळीचं खालचं तोंड उघडं पडलं की ते आपोआप शून्यावर येतं, म्हणून मोजमाप किती दिवसांत किती सरकतं ते ती सध्या लिहून ठेवते आहे. नोंद त्याच दिनदर्शिकेवर, दुधाच्या आकड्याखाली.